मातीसचं लाल टेबल: ‘कुठला लाल घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर

फोव्ह शैलीतलं (प्रखर, मोकळ्या रंगांचं) स्टिल लाइफ, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचं चित्र, शिकायला म्हणून एका नवख्या चित्रकाराने फ्रेंच चित्रकार आन्री मातीसच्या ‘हार्मनी इन रेड’ची नक्कल करायला घेतली आहे. १८ × २४ इंची तयार कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग आणि समोर मोबाइलवरचा फोटो. तक्रारी चार आहेत. ट्यूबमधला कॅडमियम रेड सरळ लावल्यावर चित्र भडक झालं. त्यावरची निळी वेलबुट्टी काळपट पडली. टेबल भिंतीत बुडालं. आणि लिंबं स्टिकर चिकटवल्यासारखी दिसतात. ‘कुठला लाल घेऊ?’ हा त्यांचा मुख्य प्रश्न. जाता जाता आणखी दोन: हीच पद्धत घरातल्या वस्तूंवर कशी वापरायची, आणि केलेली नक्कल विकता येते का?

त्यांनाच उद्देशून लिहितो. लालचं उत्तर देतो, पण ते जरा मागे ठेवतो. या चित्रात लाल कुठला आहे यापेक्षा तो किती जागेत आहे, कशावर बसला आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, यावर सगळं चालतं. हे तीन ठरले की बाजारातल्या निम्म्या लाल रंगांनी काम भागतं. हे तीन चुकले तर सर्वांत महागडी ट्यूबही भडकच दिसणार.

आधी चित्राबद्दल, कारण त्याचा इतिहासच तुमच्या अडचणीचं उत्तर आहे. चित्र १९०८ चं, तैलरंगातलं, सुमारे १८० सेंमी उंच आणि २२० सेंमी रुंद. सध्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात. मॉस्कोचा कापड व्यापारी सर्गेई श्चुकिन याने ते आपल्या जेवणघरासाठी घेतलं, तेव्हा ते निळं होतं. मातीसने नंतर अख्खं चित्र लाल केलं. कॅनव्हासच्या कडांशी जुन्या निळसर रंगाची किनार आजही दिसते. त्याच वर्षी डिसेंबरात ‘ला ग्रांद रेव्ह्यू’मध्ये त्याचा एक निबंध छापून आला. त्यात तो आपली कामाची रीत सांगतो: पांढऱ्या कॅनव्हासवर एक लाल लावला की त्या लालचं आणि पांढऱ्याचं एक नातं तयार होतं, शेजारी हिरवा आला, जमिनीला पिवळा आला की हे रंग एकमेकांचा जोर कमी करतात, मग सगळ्यांचा तोल पुन्हा साधावा लागतो आणि असं करता करता हिरव्याच्या जागी लाल हा चित्राचा मुख्य रंग होऊन बसू शकतो. ‘हार्मनी इन रेड’मध्ये नेमकं हेच झालं. म्हणजे हा लाल त्याने कापड बघून उचललेला नाही. बाकी सगळे रंग समोर मांडून झाल्यावर जो लाल उरला, तो हा.

तुम्ही उलट क्रमाने गेलात. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर आधी लाल भरला आणि बाकीचे रंग त्यात बसवायला गेलात. पांढऱ्याशेजारी कुठलाही लाल गडद आणि शांत वाटतो, म्हणून हात सैल सुटतो. नंतर पांढरं झाकलं गेलं की तोच लाल अंगावर येतो.

एक खुलासा. कडक वर्गवारी करणारे या चित्राला फोव्ह म्हणायला कचरतील. पॅरिसच्या सालों दोतॉन या १९०५ च्या प्रदर्शनात मातीस, देरँ, व्लामँक यांची चित्रं पाहून समीक्षक लुई व्होसेलने त्यांना ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र जनावरं म्हटलं. १९०८ पर्यंत ही मंडळी पांगली होती. ब्राक तर घनवादाकडे वळला होता. शिवाय चित्रात बाई आहे, खिडकी आहे, त्यामुळे हे निव्वळ स्टिल लाइफही नाही. पण टेबलावर मांडलेल्या वस्तू हा विषय मातीस फार आधीपासून घोटत होता. १८९३ मध्ये त्याने लूव्रमधल्या दे हेमच्या डच स्टिल लाइफची नक्कल केली, १८९७ मध्ये ‘ला देसेर्त’ हे जेवणाच्या टेबलाचं चित्र केलं, आणि लाल चित्र ही त्याच टेबलाची फोव्ह रंगांतून गेलेली आवृत्ती आहे. शिकण्यासाठी निवड उत्तम आहे, फक्त सोपी नाही.

आता मोजमाप. मूळ चित्राचं प्रमाण ९ : ११. तुमचा कॅनव्हास साधारण ४६ × ६१ सेंमी, म्हणजे जवळजवळ ३ : ४. ४६ सेंमी उंचीला रुंदी ५६ सेंमी हवी. तुम्ही चित्र आडवं ताणून ते पाच सेंमी भरून काढलेत, आणि ही सगळी वाढ बहुतेक मधल्या लाल भागात गेली असणार. डाव्या-उजव्या कडेला अडीच-अडीच सेंमीची मास्किंग टेप लावा आणि आत काम करा. पुढच्या वेळी ४५ × ५५ ची फ्रेम ठोकून घ्या. मूळच्या बरोबर पाव मापाची होते.

पाव माप म्हणजे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा, हेही लक्षात ठेवा. त्याच निबंधात मातीस बजावतो की रचना एका मापातून दुसऱ्या मापात न्यायची तर चौकोन पाडून नेऊ नका, ती नव्याने विचारात घ्या. सव्वादोन मीटर रुंद लाल समोर उभा राहिला की त्याच्या आत शिरल्यासारखं होतं. ५६ सेंमीत तोच लाल ‘एक लाल वस्तू’ होतो. म्हणून लहान मापात वेलबुट्टीचे फाटे थोडे कमी करावे लागतात आणि रेषा प्रमाणापेक्षा किंचित जाड ठेवावी लागते. मूळ रेषा हिशेबाने चौथ्या हिश्शाएवढी बारीक केली तर चार फुटांवरून ती नाहीशी होते.

रंगांच्या वाट्याचा ढोबळ अंदाज असा: वेलबुट्टी धरून लाल पृष्ठभाग निम्म्याहून बराच जास्त. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली खिडकी, म्हणजे हिरवी बाग, पांढऱ्या फुलांची झाडं आणि गुलाबी घर, सुमारे आठवा हिस्सा. उजवीकडची बाई, तिचा काळा पोलका आणि पांढरा ॲप्रन, साधारण तितकाच. लिंबं, पाव, दोन सुरया, फळांचं उभं भांडं यांचा एकूण वाटा अगदी थोडा. बहुतेक नकलांमध्ये खिडकी घाईत उरकलेली असते, कारण सगळ्यांचं लक्ष लालवर. पण ती हिरवी खिडकी काढून टाका, चित्र गुदमरतं. लाल तापतो तो त्या हिरव्यामुळे, आणि डोळ्याला विसावाही तिथेच मिळतो. तुमच्या नकलेत खिडकी फिक्या पोपटी रंगाची आहे. तो हिरवा लालपेक्षा खूपच उजळ असल्याने दोघांत ताण उरत नाही. गवताचा मुख्य हिरवा उजळ-गडदपणात लालच्या जवळ आणा, मग त्याच्यावर पिवळे ठिपके आणि पांढरी झाडं उठून दिसतील.

उजळ-गडदपणा तपासायला मोबाइलचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर वापरू नका. लाल रंगाला प्रत्येक फिल्टर वेगळा करडा देतो. कधी जवळजवळ काळा, कधी फिका. त्याऐवजी काळा आणि पांढरा मिसळून दहा पायऱ्यांची करडी पट्टी रंगवा, चित्रावर धरा आणि डोळे बारीक करून बघा. काळा ०, पांढरा १० धरला तर मध्यम कॅडमियम रेड चारच्या आसपास येतो, ट्यूबमधला अल्ट्रामरीन दोन किंवा त्याहून खाली, उजळ पिवळा आठच्या वर. या तीन आकड्यांत तुमच्या दोन तक्रारींचं कारण आहे.

पहिली, काळपट वेलबुट्टी. अल्ट्रामरीन हा पारदर्शक रंग. लालवर तो पातळ बसला की काचेसारखं काम करतो: उजेड निळ्यातून जातो, खाली लालवर आपटतो, परत निळ्यातून येतो. लाल थर निळा उजेड खातो, निळा थर लाल उजेड खातो. बाहेर फारसं काही येतच नाही. त्यात खालचा लाल अर्धवट ओला असेल तर दोन्ही मिसळून वांगी-तपकिरी चिखल होतो. उपाय दोन. लाल पूर्ण वाळू द्या आणि अल्ट्रामरीनमध्ये टायटॅनियम व्हाइट घाला. सहा भाग निळ्याला एक भाग पांढरा पुरतो, त्याने अपारदर्शकता येते आणि निळा काळ्यापासून सुटतो. त्याऐवजी कोबाल्ट ब्लू परवडत असेल तर त्यात पांढरा आणखी कमी लागतो. दुसरा उपाय म्हणजे वेलबुट्टीची जागा आधीच निळी रंगवायची आणि लाल तिच्याभोवती आणायचा. कष्ट जास्त, पण कडा जिवंत राहतात. लहान कॅनव्हासवर मी हाच सुचवीन, निदान नक्षीतल्या टोपल्यांच्या मोठ्या आकारांसाठी.

थॅलो ब्लूच्या वाटेला जाऊ नका. त्याची रंगवण्याची ताकद इतकी की ब्रश नीट धुतला नाही तर पुढचा पिवळा हिरवा होतो. शिवाय तो हिरवटपणाकडे झुकतो, आणि इथे निळ्याने जांभळ्याच्या बाजूला राहायला हवं.

दुसरी, लिंबं. चारवर आठ ठेवल्यावर ते उसळून वर येणारच. तुम्ही लिंबू एकाच सपाट पिवळ्यात भरलं आणि सगळीकडून सारख्या जाडीची काळी रेघ ओढली. त्याला टेबलाशी बांधणारं काही राहिलंच नाही. या चित्रात पडछाया जवळपास नाहीत, त्यामुळे बसवण्याचं काम रेषा आणि कड करते. पिवळ्यात थोडा ऑकर आणि चिमूटभर निळा घालून दुसरी छटा करा, ती खालच्या बाजूला द्या. रेषा ट्यूबमधल्या काळ्याची नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. जिथे फळ टेबलाला टेकतं तिथे ती जाड, दोन-तीन मिलिमीटर. वरच्या बाजूला बारीक, एखाद्या ठिकाणी तुटलेली. आणि निदान एका जागी लाल रंग फळाच्या कडेवर किंचित चढू द्या. वस्तू आधी आणि पार्श्वभूमी नंतर असा भेद मोडला की स्टिकरपणा जातो.

टेबल बुडण्याचं कारणही यातच आहे. मातीसने टेबलक्लॉथ आणि भिंत मुद्दाम एकाच लालची, एकाच वेलबुट्टीची केली. हे निळ्या नक्षीचं कापड त्याच्या संग्रहातलं. १९०८ च्या ग्रेटा मोलच्या व्यक्तिचित्रात आणि १९०९ च्या निळ्या टेबलक्लॉथच्या स्टिल लाइफमध्येही ते दिसतं. विणकरांच्या बोएँ गावात तो वाढला, कापडाची नजर त्याला तिथूनच होती. पण दोन पृष्ठभाग एक केल्यावर त्याने चार खुणा जपून ठेवल्या: टेबलाच्या कडेची गडद बारीक रेघ, डावीकडे टेबलाशी आलेली गवती बैठकीची खुर्ची, खिडकीतून जाणवणारा खोलपणा आणि टेबलावर वाकलेली बाई. तुमच्या नकलेत टेबलाच्या कडेची रेघ लालखाली गेली आहे आणि खुर्ची बरीच आत सरकली आहे. या दोन दुरुस्त्या केल्या तर टेबल परत येईल. लाल बदलण्याची गरज पडणार नाही.

तर आता लाल. छापील प्रतींत आणि स्क्रीनवर हे चित्र टोमॅटोसारख्या लालपासून किरमिजीपर्यंत काहीही दिसतं, म्हणून फोटोशी ट्यूब जुळवत बसण्यात अर्थ नाही. कॅडमियम रेड बाजारात रुळला १९१० च्या सुमारास, तेव्हा १९०८ चा लाल कॅडमियमच असेल असं धरू नका. त्या काळात प्रखर लाल म्हणजे मुख्यतः व्हर्मिलियन आणि लाल ‘लेक’ (रंगद्रावापासून बनवलेले पारदर्शक) रंग. आज काम चालवायला ट्यूबच्या मागचा रंगद्रव्य क्रमांक वाचा. पीआर १०८ म्हणजे खरा कॅडमियम रेड: अपारदर्शक, झाकणारा, महाग. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेल्या स्टुडंट ट्यूबमध्ये बहुधा नॅफ्थॉल असतो, पीआर ११२ किंवा पीआर १७०. रंग छान, पण अर्धपारदर्शक, एका हातात ब्रशचे पट्टे दिसतात. पीआर २५४, म्हणजे पायरॉल रेड, हा मधला चांगला पर्याय. यातल्या कुठल्याही पाच भागांत एक भाग क्विनाक्रिडोन (पीव्ही १९) घाला. नारिंगी झाक जाते. जुना ॲलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) टाळा, तो उजेडात उडतो. रंग बदलण्याचा हा धोका मातीसच्या स्वतःच्या चित्रांनाही चुकलेला नाही: फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहातल्या त्याच्या ‘ल बोनर द व्हीव्र’मधला कॅडमियम यलो काही भागांत फिका आणि तपकिरी पडला आहे.

प्रमाण सांगतो. ४६ × ५६ मध्ये लाल भाग सुमारे १५०० चौरस सेंमी. एका हाताला साधारण १५ मिली रंग लागतो. नॅफ्थॉल असेल तर तीन हात. म्हणजे ५० मिली नुसता लालला. ६० मिली एकदमच मिसळून हवाबंद डबीत ठेवा. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून डबीतल्या रंगाची वाळलेल्याशी तुलना करू नका. कॅनव्हासच्या तुकड्यावर पट्टी ओढा, वाळू द्या, मग ठरवा. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत दोन हातांमध्ये जास्त वेळ सोडावा लागतो. बोटाला थंडगार लागलं तर आत ओल आहे. तैलरंगात काम करणार असाल तर वाळण्याचा हिशेब दिवसांचा, आणि खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त हा नियम पाळायचा.

कामाचा क्रम असा ठेवा. जेसोवर (कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तरावर) पातळ निळा-हिरवा वॉश देऊन पांढरं मारून टाका. पातळ अल्ट्रामरीनने ब्रशनेच रेखाटन करा. पेन्सिलचं ग्रॅफाइट पिवळ्यात घाण करतं. मग चित्र भरायला न लागता प्रत्येक रंगाचा दोन बोटांएवढा ठिपका त्याच्या जागी ठेवा: गवताचा हिरवा, ॲप्रनचा पांढरा, पोलक्याचा काळा, लिंबू, निळा, आणि शेवटी लाल. दहा पावलं मागे जा. इथे जे बदलायचं ते बदला, इथे रंग स्वस्त आहे. नंतर खिडकी आणि बाई, मग निळे मोठे आकार, मग लाल, मग बारीक वेल, वस्तू आणि शेवटी रेषा. लाल लावताना आठ-दहा नंबरचा हॉग हेअर फ्लॅट ब्रश घ्या आणि फटकारे पुसू नका. रोलरने भरल्यासारखा सपाट लाल हेच तुमच्या भडकपणाचं अर्धं कारण आहे. अधूनमधून खालचा निळा वॉश दिसला तर दिसू द्या.

घरच्या वस्तूंकडे वळताना एकच बंधन घाला: रंग हवा तो बदला, पण सुरुवातीच्या कामांत उजळ-गडदचा क्रम मोडू नका. १९०५ च्या मादाम मातीसच्या चित्रात चेहऱ्यावरून जाणारी हिरवी पट्टी मनमानी वाटते, पण ती उजेड आणि सावलीच्या सीमेवर आहे, म्हणून चेहरा चेहराच राहतो. कापड मोठ्या नक्षीचं घ्या, एक बुट्टा वीतभर तरी हवा. खणाचं कापड कितीही सुंदर असलं तरी त्याची बारीक बुट्टी चार फुटांवरून नुसती खरखर वाटते. ते टेबलावरून मागच्या बोर्डावर सलग चढवून टाचा. पाच-सहा वस्तू पुरेत: एक पांढरी-तपकिरी चिनी मातीची बरणी, एक उंच बाटली, तीन-चार लिंबं किंवा मोसंबी. स्टीलचा तांब्या टाळा, त्यातली प्रतिबिंबं तुम्हाला परत हुबेहूबपणाकडे ओढून नेतील. एका बाजूचा प्रखर दिवाही नको. पसरट उजेड ठेवा, म्हणजे सावल्या रंगवायचा मोह होत नाही. मुख्य रंग कापडावरून ठरवू नका. पोस्टर कलरमध्ये ९ × ११ सेंमीची चार छोटी चित्रं करा, प्रत्येकात मुख्य रंग वेगळा, आणि सर्वांत शांत दिसणारं मोठं करा. भडक ते निवडण्याची चूक सगळे करतात. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चित्रकार कृ. हा. आरांची स्टिल लाइफ शोधून बघा. रंग सांभाळून मोकळेपणा कसा ठेवायचा, ते त्यांत दिसतं.

नक्कल विकण्याबद्दल. मातीस ३ नोव्हेंबर १९५४ ला वारला. भारतात कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे इथे त्याची चित्रं १ जानेवारी २०१५ पासून मुक्त आहेत. फ्रान्समध्ये ७० वर्षांचा नियम असल्याने १ जानेवारी २०२५ पासून. नक्कल विकणं कमीपणाचंही नाही, मातीस स्वतः १८९० च्या दशकात लूव्रमध्ये नकला करून त्यांतल्या काही फ्रेंच सरकारला विकत असे. मात्र लूव्रमध्ये नक्कल मूळ मापाची करू देत नाहीत, ती निदान पाचव्या हिश्शाने लहान किंवा मोठी असावी लागते. तुमची तर तशीही बरीच लहान आहे. मातीसची सही समोर उतरवू नका. कॅनव्हासच्या मागे न पुसणाऱ्या शाईने ‘मातीसच्या चित्रावरून’, तुमचं नाव आणि वर्ष लिहा, आणि बिलावरही तेच शब्द येऊ द्या.